ओसरीवरचा कारखाना

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातील गोष्ट. आमच्या पुतण्याच्या साडेपाच वर्षांच्या मुलास शाळेतून एक काम नेमून दिले होते : निसर्गातील वस्तूंपासून काहीतरी करून आणावे. घर मोठे, माणसे पुष्कळ आणि सर्वच हौशी. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओसरीवर बैठक बसली. कोणी पुठ्ठा कापला, कोणी पानांच्या शिरा रंगविल्या, कोणी डिंक कालविला. चोच मी कापली, हे कबूल केले पाहिजे. अकराच्या सुमारास एक मोर तयार झाला, आणि तो खरोखरच देखणा होता. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता तो मुलगा मात्र केव्हाच सतरंजीच्या कडेला झोपी गेला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत मोराची वाहवा झाली. "तुझ्या मोराला बाई काय म्हणाल्या रे?" असे संध्याकाळी विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तो मोर तुमचा आहे, आजी. मला कुणी हातच लावू दिला नाही."

मुलाच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे वाटले असते. वर्षभर ते वाक्य मनात घर करून राहिले, म्हणून यंदाच्या आमच्या सदरात या विषयाची थोडी सविस्तर चर्चा करावी असे योजिले आहे. लहान मुलांनी रानातील फुलापानांपासून व घरातील टाकाऊ जिनसांपासून वस्तू कराव्यात, याविषयी कोणाचे दुमत नसते. प्रश्न इतकाच की, त्या वस्तू करतो कोण?

या बाबतीत आपल्याकडे एक थोर उदाहरण आहे. श्रीमती ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचे धडे घेतले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि 1945 मध्ये शहरातील सुस्थित मुलांना सोडून ताराबाई त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेथील ग्राम बालशिक्षा केंद्रात अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. डॉ. माँटेसोरी यांची साधने घोटीव लाकडाची, मापाने बेतलेली आणि अर्थातच महागडी; खेड्यातील शाळेस ती परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी मण्यांच्या जागी बिया घेतल्या, रंगीत तक्त्यांच्या जागी पाने आणि फुले घेतली, शंखशिंपले, खडे आणि माती घेतली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये, अनुताईंनी 1992 मध्ये देह ठेवीपर्यंत चालविले. गरिबीमुळे काटकसर करावी लागली आणि त्या काटकसरीतूनच अधिक चांगले शिक्षण निघाले, असे माझे मत आहे. विकत घेतलेला मणी मुलाला फक्त मोजता येतो. चिंचोका त्याने स्वतः चिंचेखालून वेचलेला असतो, धुतलेला असतो, उन्हात वाळविलेला असतो, आणि एखादा किडका निघाला म्हणून फेकलेलाही असतो.

आपल्या नांदेड-लातूरकडे समुद्र नाही, शिंपले नाहीत. पण काळी माती आहे, ज्वारी आहे, बाभूळ आहे. किनवट-माहूरच्या बाजूस पळस आणि साग आहेत. मुलांचा कारखाना चालविण्यास याहून अधिक भांडवल लागत नाही.

ज्वारीच्या धाटापासून आरंभ करते, कारण या मुलखातील मुलांचे ते खरे पिढीजात खेळणे. आमच्या लहानपणी गोठ्यामागे कडब्याची गंजी असे आणि तिच्या सावलीत दुपारभर बैलगाड्या तयार होत. वाळलेल्या धाटाची वरची साल टणक व चकचकीत असते, आत पांढरे, हलके, मऊ भेंड. साल सोलून तिच्या काड्या कराव्यात आणि त्या भेंडात खोचाव्यात. खिळा नको, डिंक नको. तीन बोटे लांबीच्या भेंडाचे धड, त्याहून लहान तुकड्याचे डोके, सालीच्या चार काड्यांचे पाय आणि दोन बारीक काड्यांची शिंगे, की बैल उभा राहिला. गाडीचे चाक करणे मात्र कौशल्याचे काम. कोरडी साल वाकवू जाल तर कडकन मोडते. ती घटकाभर पाण्यात भिजत ठेवावी म्हणजे लवचिक होते. तिचे कडे करावे, मध्ये भेंडाचा गोल तुकडा बसवावा आणि कडे व तुकडा यांमध्ये चार काड्या घालाव्यात. आमच्या घरी हे चाक होत असताना आजोबांनी सहज सांगितले की मधल्या तुकड्याला तुंबा म्हणतात, काड्यांना आरे, बाहेरच्या कड्याला धाव, दोन्ही चाकांतून जातो तो आख आणि बैलांच्या मानेवर असते ते जू. मुलाने ते शब्द दिवसभर घोळवले. मोटारींची दहा नावे त्यास पाठ होती. ज्या वाहनाने त्याचे पणजोबा नांदेडास शिकावयास आले त्याचा एकही अवयव ठाऊक नव्हता.

येथे एक सावधगिरीची सूचना. सोललेल्या सालीची कड विलक्षण धारदार असते. तिने बोट असे कापते की रक्त येईपर्यंत कळतही नाही. म्हणून साल सोलण्याचे व काड्यांची टोके बोथट करण्याचे काम मोठ्यांनी करावे, खोचण्याचे मुलांनी. मोठ्यांच्या हौसेला एवढी वाटणी पुरेशी आहे.

परंतु धाट मिळावे कोठून, हीच आता अडचण होऊन बसली आहे. लातूरच्या बाजूस पावसाळी शेतातून ज्वारी हटून सोयाबीन आले, आणि सोयाबीनच्या वाळल्या काडीपासून बैल होत नाही, हत्ती होत नाही, काहीच होत नाही. शेतकऱ्याने दोन पैसे मिळवून देणारे पीक घेतले त्यास दोष देण्याचा आम्हास अधिकार नाही. मात्र येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातील अमावास्येला, ज्यांची शेते अजून आहेत अथवा ज्यांना कोणी शेतावर जेवावयास बोलावील, त्यांनी मुलांना अवश्य न्यावे. कडब्याच्या पेंढ्यांची खोप, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगडांचे पांडव, आंबील आणि भज्जी हे सर्व लेकरे आनंदाने पाहतात. परतताना यजमानांस विचारून पेंढीतील पाचदहा वाळली धाटे मागून आणावीत. वर्षाचे खेळणे त्यात होते.

काळ्या मातीचे बैल पोळ्याला बहुतेक घरी होतात. त्यांची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते, ती ही की बैल वाळले की त्यांचे पाय तडकतात. याचे कारण त्या मातीच्याच अंगी आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात आपल्या शेतांना रुंद भेगा पडतात त्याच कारणाने. उपाय सोपा आहे. मातीत चौथा हिस्सा बारीक वाळू आणि मूठभर गव्हाचा कोंडा मळावा, पाय आखूड व जाड ठेवावेत, आणि बैल उन्हात न ठेवता ओल्या फडक्याखाली सावलीत दोनतीन दिवस सावकाश वाळू द्यावेत. पायांत बाभळीच्या काड्या घातल्यास अधिक बरे, असे कोणी सांगतात. आमचा अनुभव उलट आहे, कारण काडी आकसत नाही आणि भोवतालची माती आकसते, त्यामुळे भेग नेमकी तेथेच पडते.

आता फुलांकडे वळू. बागेतील गुलाब-शेवंती देवासाठी असतात आणि त्यांना हात लावल्यास आजी रागावतात. रानफुलांना तसा धनी नसतो, हाच त्यांचा मुलांच्या दृष्टीने मोठा गुण. श्रावण-भाद्रपदात बांधावर तेरडा, तरवड, टाकळा फुलतो. कुंपणावर गोकर्णीचा निळा वेल चढतो. पडिक जागी एकदांडी बारमाही असते. थंडीत करडईची केशरी आणि जवसाची निळी फुले. जवसाचे फूल फार हळवे. त्याच्या पाकळ्या दुपारच्या आत गळून पडतात, म्हणून ते हवे असेल तर सकाळीच शेतावर जावे. फाल्गुनात पळस, वैशाखात बहावा. गळून पडलेली फुले वेचावीत. तोडावयाचीच झाल्यास एका झुडपावरून दोनतीन, आणि पिकाच्या शेतात मालकास विचारल्यावाचून नाही. हा शिष्टाचार मुलांस पहिल्याच दिवशी सांगावा.

फुले दाबून वाळविण्यास आमच्याकडे जुनी पंचांगे उपयोगी पडतात. गेल्या दहा वर्षांची पंचांगे माळ्यावर असतातच, आणि ती टाकून द्यावयास कोणाचे मन होत नाही. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये फुले एकमेकांस न लागतील अशी पसरावीत, ती घडी पंचांगात ठेवावी, वर पाट आणि पाटावर दोन विटा. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र बदलावे, न बदलल्यास बुरशी येते. दहाव्या दिवशी उघडावे. एकदांडी, तेरड्याच्या सुट्या पाकळ्या व तरवड ही फुले चांगली वाळतात. झेंडू सबंध ठेवू नये; तो कुजतो, त्याच्या पाकळ्याच वेगळ्या कराव्यात. आणि कुर्डू! शेतकऱ्याच्या डोळ्यांत सलणारे हे तण मुलांच्या कारखान्यात मात्र राणी आहे. त्याचे गुलाबी-पांढरे तुरे दाबावे लागत नाहीत. देठासह कापून जुडी बांधावी व सावलीत उलटी टांगावी, की महिनोन् महिने रूप कायम राहते.

रंगांचा खेळ तर स्वयंपाकघरातच आहे. हळदीच्या दाट पाण्यात कागद बुडवून वाळवावा. मग खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बोटाने त्यावर लिहावे, अक्षरे लाल उमटतात. हळदीला चुना लागला की कुंकू होते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेच तत्त्व येथे आहे, फक्त चुन्याने कातडी भाजते म्हणून सोडा घ्यावयाचा. गोकर्णीची दहाबारा फुले गरम पाण्यात टाकली की पाणी गर्द निळे होते आणि त्यात लिंबाचे चार थेंब पडताच जांभळट गुलाबी. आमच्याकडे हा प्रयोग प्रथम झाला तेव्हा घरातील सर्वांत वृद्ध माणसाने "पुन्हा करून दाखव" असे म्हटले होते. पळसाची वाळलेली फुले रात्रभर भिजविल्यास पिवळसर केशरी रंग येतो. करडईच्या पाकळ्या पाण्यात प्रथम पिवळा रंग सोडतात. लाल रंग आत दडलेला असतो आणि तो काढण्यास पुष्कळ खटपट लागते. कुसुंबी हा शब्द आपण लुगड्यांच्या रंगास वापरतो, तो याच करडईच्या कुसुंभ या नावावरून आला. रंगाचे उरलेले पाणी मोरीत न ओतता तुळशीखेरीज इतर झाडांस घालावे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

आता जे लिहावयाचे आहे ते गृहिणींनी विशेष लक्षपूर्वक वाचावे.

रानातले सर्वच निरुपद्रवी नसते, आणि जे घातक असते ते बहुधा दिसावयास सुंदर असते. गुंजेचेच पहा. लाल अंगावर काळा ठिपका, सर्व दाणे एकसारखे. माळ करावी तर हिचीच, असे कोणासही वाटेल. सोनाराच्या ताजव्यात ती असे, तिचा गोडसर पाला लोक विड्यात घालतात, म्हणून ती विषारी असेल अशी शंकाही येत नाही. परंतु गुंजेच्या बीत अतिशय तीव्र विष आहे. कवच टणक असल्यामुळे सबंध गिळलेली गुंज पुष्कळदा तशीच बाहेर पडते. पण चावलेली अथवा ओवण्यासाठी भोक पाडलेली गुंज जीव घेऊ शकते. म्हणजे तिची माळ करण्याची कृतीच तिला घातक करते. आमच्या घरात फडताळातील एका डबीत अशा गुंजा कित्येक वर्षे पडून होत्या, आणि एका दुपारी धाकट्या नातीने त्या "मणी" म्हणून दाभणासह माझ्यापुढे आणून ठेवल्या. त्या क्षणी काळजात जे झाले ते सांगत नाही. डबी त्याच दिवशी घराबाहेर गेली.

तीच गोष्ट पिवळ्या कण्हेरीची. तिच्या बियांना मुले बिट्ट्या म्हणतात व त्यांनी खेळतात. त्या बिया पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. लाल-पांढरी कण्हेरही सर्वांगाने विषारी. धोतऱ्याची काटेरी बोंडे आणि एरंडाच्या नक्षीदार बिया कामात मुळीच घेऊ नयेत. शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ पुष्कळ घरी होते. ती मुलांना करावयास देऊ नये, कारण रुईचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते. सोनेरी मखमली शेंगांची खाजकुइरी मोहक दिसते आणि स्पर्श होताच अंगाची लाही करते. रस्त्याच्या कडेला गाजरासारख्या पानांचे व बारीक पांढऱ्या फुलांचे जे तण माजलेले असते, ज्यास लोक काँग्रेस गवत म्हणतात, त्याची फुले गुच्छात घालण्याचा मोह लहान मुलींना हटकून होतो. हे परदेशी तण 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम दिसले व तेथून देशभर पसरले. त्याने कित्येकांच्या त्वचेस खाज व पुरळ येते आणि दम्याचा विकार बळावतो. मुलाने यांपैकी काही चावले अथवा गिळले असा नुसता संशय आला, तरी घरगुती उपाय करीत बसू नये, ओकारी काढण्याच्या भरीस पडू नये. त्या झाडाची डहाळी किंवा बी बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. प्रत्येक फेरीनंतर साबणाने हात धुणे, आणि "आजीला दाखविल्यावाचून काही तोंडात नाही", हे दोन नियम असे पाळावेत की त्यांना अपवाद नसावा.

घरातील टाकाऊ जिनसांविषयी थोडक्यात. एकत्र कुटुंबात लग्नसराईनंतर पत्रिकांचा ढीग साचतो. तो कागद जाड, कोरी बाजू मोठी, कामास उत्कृष्ट. परंतु पत्रिकेवर गजानन असतो आणि त्यावर कातरी चालविणे वडील मंडळींस रुचत नाही. याचा निकाल आमच्या सासूबाईंनी फार सुरेख लावला. त्या स्वतः प्रथम सर्व पत्रिकांवरील गणपती अलगद कापून एका वहीत चिकटवीत आणि उरलेला कागद मुलांच्या हवाली करीत. त्या आता नाहीत. त्यांची ती वही आहे, तीत 1978 पासूनचे गणपती आहेत, आणि तीच आमच्या घराण्यातील लग्नांची बखर होऊन बसली आहे. नारळाच्या करवंट्या, काड्यापेट्या, सुतळीचे तुकडे, दळणाच्या पिशवीचे कापड यांचे उपयोग प्रत्येकीस सुचतीलच. फुटक्या बांगड्या मात्र देऊ नयेत. चिकटविण्यास बाभळीचा डिंक रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घालावा, अथवा कणकेची खळ शिजवावी. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत तो नको, त्याऐवजी लागेल तेवढीच ताजी खळ करावी. थर्माकोलच्या सजावटीवर 2018 मध्ये राज्याने बंदी घातली तेव्हा महालक्ष्म्यांच्या आराशीचे कसे होणार अशी चिंता काही घरांत उत्पन्न झाली होती. आमची त्या वर्षीची आरास पत्रिकांच्या कमानी आणि पळसाच्या पत्रावळी यांचीच होती, आणि ओटी भरावयास आलेल्या बायका अधिक वेळ थांबल्या.

कोणत्या वयास काय द्यावे? तीन वर्षांच्या मुलास कागद फाडणे, बिया निवडून वेगळ्या करणे, खळ थापणे एवढे पुरे. बी मात्र नाकात किंवा घशात अडकणार नाही इतके मोठे असावे आणि मोठे माणूस जवळ बसलेले असावे. पाचव्या वर्षी माती आणि जाड बोथट सुईने ओवणे. बोथट टोकाची कातरी आणि धाटाची गाडी सहा-सातव्या वर्षी. सर्वांत कठीण काम आपले, हात मांडीवर ठेवून बसण्याचे. मूल हत्तीला पाच पाय करते, फूल उलटे चिकटविते, आणि आपली बोटे शिवशिवतात. अशा वेळी मी वाती वळावयास घेते. हात गुंतलेले राहतात आणि वातीही होतात.

यंदाच्या पोळ्यास त्या मुलाने एकट्याने एक बैल केला. एक शिंग वर, एक खाली, वशिंड मानेवर सरकलेले. मागचा उजवा पाय दोनदा निखळला आणि दोन्ही वेळा त्यानेच ओली माती लावून बसविला. महालक्ष्म्यांपुढे तो ठेवताना सुनेने माझ्याकडे पाहिले; शेजारी पितळेची गायवासरे होती. ठेव म्हटले. पाहुण्यांपैकी कोणी विचारले की तो मध्ये उभा राहून सांगत असे, "हा माझा. ह्याला कोंडा घातलाय."

सध्या बांधावर कुर्डू भरास आला आहे. दिवाळीस तुरे हवे असतील तर या आठवड्यातच आणावेत, आणि टांगण्यासाठी माजघरात, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, एक दोरी बांधून ठेवावी.